गळक्या स्लॅबवर कोबा, कोटिंग की टिन? मिस्त्री, पेंटर आणि फॅब्रिकेटर यांच्या सल्ल्यांची तुलना

स्लॅब गळायला लागला की गावात तीन माणसं तीन सल्ले देतात. मिस्त्री म्हणतो, "कोबा मारा भाऊ, वीस वर्षं पाह्याचं काम नाही." (कोबा म्हणजे विटांचे तुकडे मसाल्यात बसवून केलेला जाड थर.) पेंटर म्हणतो, दोन हात केमिकल, म्हणजे वॉटरप्रूफ कोटिंग, मारून देतो. फॅब्रिकेटरच्या मते टिनाचं शेड टाकलं की किरकिरच संपली. खोटं कोणीच बोलत नाही. ज्याच्या हाताला जे काम, तेच त्याला औषध वाटतं. डोकं फिरतं ते यामुळे की खालचा डाग पाहून दर सांगणारे पुष्कळ, वर चढून पाणी कुठून शिरतंय ते पाहणारा विरळा.

म्हणून दर विचारण्याआधी स्वतः गच्चीवर जा. पहिल्यांदा पाहा त्या पुढे मजला चढवू म्हणून सोडलेल्या कॉलमच्या सळ्या. गंजलेल्या सळीच्या कडेने पाणी सरळ कॉलममध्ये उतरतं आणि ओल खोलीच्या कोपऱ्यात दिसते. त्यावर पूर्ण गच्चीचा कोबा हा इलाजच नव्हे. सळ्या तारेच्या ब्रशने घासायच्या, गंजरोधक लावायचं आणि बुडाशी पॉलिमर घातलेल्या मसाल्याचा चार-सहा इंच उंच, बाहेर उतरता चौथरा बांधायचा. मग टाकीचं बूड, डिशचे बोल्ट, पाइपची भोकं आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) जिथे स्लॅबला भेटतो तो सांधा तपासा. वर जुना कोबा नसेल आणि पाऊस नसतानाही डाग ओला राहत असेल तर टाकी किंवा पाइपलाइन पाहा, गच्चीला हात लावू नका.

तरीही पत्ता लागला नाही तर ओल्या मातीचे बांध घालून गच्चीचे वाफे पाडा आणि एकेका वाफ्यात दोन इंच पाणी 48 तास ठेवा. 100 चौ. फुटाच्या वाफ्याला साधारण 470 लिटर पाणी लागतं. ज्या वाफ्याच्या वेळी खाली ओल फुटली, तिथे दोष. खाली सळ्या उघड्या पडल्या असतील तर मात्र ही चाचणी करू नका.

कोबा

नीट झालेला कोबा तिन्हींत टिकाऊ, आणि बिघडलेला कोबा काढायला सगळ्यांत महाग. सरासरी चार इंच जाडीचा विटांचा कोबा चौ. मीटरला सुमारे 200 किलो भरतो, 500 चौ. फुटांच्या गच्चीवर नऊ टनांच्या वर. गच्चीवरच्या वावरासाठी भारतीय मानकात चौ. मीटरला 150 किलो भार धरतात, यावरून वजनाचा अंदाज यावा. स्लॅब जुना असेल, खालून पोपडे सुटत असतील, हातोडीने ठोकल्यावर भद आवाज येत असेल, तर मिस्त्रीने कितीही भरवसा दिला तरी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. जुन्या कोब्यावर नवा कोबा तर नकोच.

काम असं व्हायला हवं: विटा पक्क्या भाजलेल्या, रात्रभर पाण्यात भिजवलेल्या. पिवळट, कच्च्या विटा स्वस्त मिळतात म्हणून मिस्त्री आणतो आणि तिथेच घात होतो, कारण त्या पाणी धरून बसतात. विटांचे तुकडे मसाल्यावर उभे बसवायचे, मधल्या फटी पूर्ण भरायच्या. वरच्या पाऊण इंची थराला 1:4 मसाला (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), 100 चौ. फुटाला दीड बॅग सिमेंट. वॉटरप्रूफिंगचं लिक्विड डब्यावर लिहिलंय तेवढंच, "थोडं जास्तच टाका जी" म्हणून पक्केपणा येत नाही. उतार दहा फुटांना किमान सव्वा इंच. पॅरापेटच्या सांध्यात गोलाई करून थर नऊ-दहा इंच भिंतीवर चढवायचा. पाणी बहुधा याच कोपऱ्यातून आत येतं.

एक गोष्ट मिस्त्री सांगत नाही. कोब्याने गच्ची चार इंच उचलली जाते. जिन्याच्या खोलीचा उंबरठा तेवढा उंच नसेल तर पहिल्याच जोराच्या पावसात पाणी जिन्याने खाली येतं. पन्हाळीचं भोकही नव्या पातळीला घ्यावं लागतं, नाहीतर जुनं भोक कोब्याच्या पोटात गाडलं जातं.

आणि वेळ. मिस्त्री एप्रिल-मेमध्ये मोकळा असतो, पण तीन इंच पाणी साठवून 500 चौ. फुटांचा कोबा भिजवायला एका भरण्याला साडेतीन हजार लिटर लागतात, आणि उन्हाने उडालेलं रोज वरून घालायचं. विहीर आटलेली असताना हे टँकरवर येतं. सात दिवसांऐवजी दोन दिवस शिंपडून सोडलेला कोबा पंचेचाळीस अंशात फाटणारच. सोयाबीन निघाल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत करा. तेव्हा कापूस वेचणीमुळे रेजा (बाई मजूर) मिळायची पंचाईत असते, पण पाणी असतं.

पाऊस थांबून महिना झाला तरी स्लॅब ठिबकत असेल आणि वर कोबा असेल, तर तो कोबा स्पंजासारखा पाणी धरून आहे. त्यावर पेंटरचा कोट मारला की पाणी वर जाण्याचा रस्ता बंद होतो, मग ते खालीच येतं.

कोटिंग

वजन नाही, काम दोन-तीन दिवसांचं, खर्च सगळ्यांत कमी; पण तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करावं लागतं. पाणी साचणाऱ्या गच्चीवर हे टिकत नाही, उतार आधीच असायला हवा.

पेंटरशी वाद होतो तो दोन मुद्द्यांवर. पहिला, ओलं की कोरडं. ॲक्रिलिक कोटिंगला पूर्ण कोरडी गच्ची लागते. सिमेंटमिश्रित दोन भागांच्या कोटिंगला आधी पाणी मारून ओलसर केलेली. दोन्हींना 'केमिकल' हेच एक नाव असल्याने उलटं होतं आणि पापुद्रे निघतात. डबा उघडण्याआधी मागची सूचना वाचा. दुसरा मुद्दा माप. डब्यावर दोन हातांना लिटरमागे 20 चौ. फूट लिहिलं असेल, तर 500 चौ. फुटांना 25 लिटर. 20 लिटरच्या बादलीत भागवायचं म्हणजे पाणी घालणं आलं. पॅरापेटची आतली बाजू धरली की माप आणखी वाढतं.

भेगा आधी चिरून, क्रॅक फिलरने भरून, वर जाळी बसवायची. जुना चुना, शेवाळ खरवडायचं. उन्हाळ्यात दुपारी ब्रश धरू देऊ नका, वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि खाली फुगे राहतात, पहाटे उरकायचं. पांढरा रंग घेतला तर खालची खोलीही जरा निवते.

टिन

खर्च सर्वांत जास्त, पण स्लॅबवर पाऊसच पडत नाही, ऊनही नाही. तूर, हळद वाळवायला उघडी गच्ची लागत असेल तर ती जागा गेली. पोती ठेवायला मात्र जागा होते. स्लॅब कमजोर आहे आणि कोब्याचं वजन नको, अशा घराला आमचा कौल टिनालाच.

अट एकच: खांब बीम-कॉलमवर उभे करा. फॅब्रिकेटर सोयीचं म्हणून स्लॅबच्या मध्येच ड्रिल मारतो आणि गळती थांबवायला आणलेलं शेड नवी आठ भोकं देऊन जातं. मृगाआधीचं वादळ पत्रा खालून उचलतं, म्हणून रबर वॉशरचे स्क्रू आणि कडेला दुप्पट फास्टनिंग मागा. पत्र्याची जाडी व पाइपचं गेज कोटेशनवर लिहून घ्या, आणि दर पत्र्याच्या फुटाने आहे की लोखंडाच्या किलोने, तेही.

उरले दोन सल्ले. सिमेंटचं पाणी ओतणं: पुढच्या मे महिन्यात पोपडे. खालून पीव्हीसी सीलिंग: गंज झाकला जातो, थांबत नाही.

काम कोणालाही द्या, शेवटचा हप्ता पाणी साठवण्याची चाचणी झाल्यावर द्यायचा असं आधीच ठरवा. शेडला तो पहिल्या वादळी पावसानंतर.