कलम ११ लावायचं की ३२५? बैलाच्या बाजूने पाहिलं तर

ऊसगाडीचा बैल चढावर गुडघ्यांवर येतो, गाडीवान शेपटी पिरगाळतो, आणि बघ्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "केस करू या." इथवर सोपं असतं. ठाण्यात गेल्यावर टेबलापलीकडून प्रश्न येतो, कशाखाली? मला तो विचारला गेला तेव्हा मी फुशारकीने चुकीचं उत्तर दिलं होतं.

कागदावर ३२५ कुणालाही आवडेल. जुन्या दंडविधानातली ४२८ आणि ४२९ ही दोन कलमं एकत्र करून १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते आलं. जनावर ठार मारणं, विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा दखलपात्र. समोर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ म्हणजे अगदीच गरीब गाय. मारहाण, जादा ओझं, जखमी जनावर जुंपणं, उपाशी ठेवणं हे सगळं त्यात येतं, पण पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा सापडला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय मारहाण आणि ओझं अदखलपात्र, म्हणजे एनसी, न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. (गंमत अशी की २०१७च्या महाराष्ट्रातल्या दुरुस्तीनुसार बैलगाडा शर्यतीच्या अटी मोडल्या तर दंड पाच लाखांपर्यंत जातो. तोच बैल उसाला जुंपला की पन्नास.)

त्यामुळे त्या हंगामात (तेव्हा जुनंच दंडविधान लागू होतं) मी ४२९चाच हट्ट धरला. बैलाचा खांदा सोलून निघाला होता, जुवाखाली रक्त दिसत होतं. हवालदार सज्जन होते. "बैल मेला का?" नाही. "पाय मोडला?" नाही. "कायमचा निकामी झाला?" आता हे मी काय सांगणार! "बैल कुणाचा?" गाडीवानाचाच. "मग पाहुणं, नुकसान कुणाचं झालं?"

मी गप्प. हे कलम मुळात 'आगळीक' या गुन्ह्याच्या घरातलं, म्हणजे कुणाचं तरी नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. स्वतःच्या मालमत्तेबाबतही आगळीक होऊ शकते, हे मी नंतर वाचलं. मी वकील नाही, जाणकार कदाचित हा मुद्दा लढवतीलही. पण रात्री आठ वाजता ठाण्यात तो लढवता येत नाही. आमचा वाद चालू असताना गाडी कारखान्याच्या काट्यावर रिकामी होऊन उसाच्या फडाकडे परतली, त्याच बैलाला जुंपून. माझं मत तिथेच फिरलं. बैल मरेपर्यंत किंवा लंगडा होईपर्यंत ज्या कलमाला थांबावं लागतं, त्याचा त्या बैलाला काय उपयोग?

कलम ११ हे प्रश्न विचारत नाही. मालक कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही, जखम असताना जुंपला एवढं पुरतं. त्याच कायद्यातलं कलम ३४ फारसं कुणी उघडत नाही. शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा कुणीही पोलीस, म्हणजे हवालदारसुद्धा, संशयावरून जनावर ताब्यात घेऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडे तपासणीला नेऊ शकतो. सोबतीला ओढकामाच्या जनावरांचे १९६५चे नियम आहेत. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. ओझ्याचं कोष्टकही आहे, बैलाच्या वजनाप्रमाणे आणि गाडीच्या चाकांप्रमाणे. उसाच्या बाबतीत पुरावा शोधायलाही लागत नाही. टनावर पैसे असल्यामुळे कारखान्याची काटापावतीच वजन बोलते.

दुसरी बाजूही सांगतो. शेजाऱ्याने पिकात शिरलेल्या तुमच्या म्हशीवर कोयता टाकला किंवा कुणी वैरणीत विष कालवलं, तर बिनदिक्कत ३२५. तिथे कलम ११ धरून बसणं खुळेपणाचं. पण गाडीवानाच्या बाबतीत मला आणखी एक टोचतं. तो बहुतेक वेळा बीडकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन आलेला असतो, बैलही त्याच उचलीत अडकलेले. त्याला पाच वर्षांची भीती घालून मी नेमकं काय मिळवणार होतो, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

कलम ११खाली जायचं ठरलं तर एक जपा. खटला गुन्ह्यापासून तीन महिन्यांत दाखल व्हावा लागतो, नंतर दार बंद. हंगाम संपल्यावर बघू म्हणणारे इथेच फसतात.

पुढच्या हंगामात मी शिक्षेचं नावही काढलं नाही, फक्त ३४खाली बैल तपासा म्हणालो. जनावरांच्या डॉक्टरांनी खांदा पाहिला आणि लिहून दिलं, पंधरा दिवस जू नको. दंड किती झाला ते मी विचारायला गेलो नाही. ऊसतोड टोळीचा मुकादम चार शिव्या देऊन गेला, आणि बैल त्या टोळीच्या खोपटांमागे पंधरा दिवस वाढं खात उभा होता.