थंडरबोल्ट जीपीएसडीओ: बरेच महिने वापरल्यावर, आणि ते मायनस १२ चं झेंगट

ट्रिंबलचा जुना थंडरबोल्ट, म्हणजे जीपीएसच्या सिग्नलवरून अचूक १० मेगाहर्ट्झ काढून देणारा डबा (जीपीएसडीओ), घेतल्यापासून लिहू लिहू म्हणत होतो, आता त्याचा पॉवर सप्लाय मेला म्हणून मुहूर्त लागला. १० मेगाहर्ट्झबद्दल तक्रार शून्य. तक्रार एकच, याला +१२, +५ आणि -१२ असे तीन व्होल्टेज लागतात, आणि त्या मायनस १२ वर करंट किती खातो, तर जेमतेम १० मिलीअँपिअर! एवढ्याशा करंटसाठी वेगळी रेल, म्हणजे सप्लायची वेगळी लाईन, बनवा. विकणाऱ्याने सप्लाय दिला नाहीच, वर पॉवरच्या वायरी पार मुळाशी कापून पाठवल्या.

मग घरात पडलेला कॉम्प्युटरचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) लावला, तिन्ही व्होल्टेज आयते, खर्च काही नाही, त्यासाठी पाच स्टार देणार होतो. आता नाही देत. रिसीव्हरवर १० मेगाहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक स्पर (नको असलेले सिग्नल) दिसायला लागले, फॅनची घरघर वेगळीच, त्यामुळे तो मेला तेव्हा वाईट वाटलं नाही.

आता ट्रान्सफॉर्मरवर ७८१२, ७८०५ आणि ७९१२ हे व्होल्टेज रेग्युलेटर बसवलेत आणि स्पर गायब. ७९१२ चा टॅब ग्राउंड नसतो हां, इनपुट असतो, तेव्हा एकाच हीटसिंकवर लावताना मध्ये अभ्रक घाला. आणि ७८१२ ला हीटसिंक दणकट द्या, आतल्या क्रिस्टलला गरम ठेवणारा ओव्हन गार असताना सुरुवातीला करंट बराच ओढतो.

अँटेनाला टीव्हीची आरजी-६ केबल वापरली, ७५ ओहम असली तरी काही फरक पडत नाही, एफ कनेक्टर तर याला आहेच. फक्त अँटेना ५ व्होल्टवर चालणारा घ्या. तारीख १०२४ आठवडे मागची दाखवतो, जुलै २०१७ पासून या जुन्या थंडरबोल्टांचं तेच, लेडी हेदर हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर ते सांभाळून घेतं आणि फ्रिक्वेन्सीला त्याचं काही देणंघेणं नाही.

एचपीचा झेड३८०१ए हा जीपीएसडीओ असणाऱ्यांचा मात्र हेवा वाटतो. मागचं लेबल बघून २४ किंवा ४८ व्होल्ट द्या, बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा, लाईट गेली तरी चालू. कॉम्प्युटरला जोडायला आरएस-४२२ चा कन्व्हर्टर लागेल, पण तो एकदाच. माझ्याकडे लाईट गेली की ओव्हन गार, परत गरम होईपर्यंत, जीपीएसशी लॉक लागेपर्यंत बसा वाट बघत. १२ च्या बॅटरीवरून मायनस १२ काढायला छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर लावायचं डोक्यात आहे, पण म्हणजे परत स्विचिंग आलंच, आणि तेही त्या १० मिलीअँपिअरसाठी.