बोट हेच दुसरं घर: व्याजाची वजावट की सोलरचं क्रेडिट?

झोपायला जागा, शेगडी आणि संडास असला की अमेरिकेत बोटही दुसरं घर म्हणून दाखवता येते, हे मरीनावर (बोटी लावायच्या धक्क्यावर) कुणी ना कुणी सांगतंच. प्रश्न त्यापुढचा आहे. २०२५ चं रिटर्न भरताना कशाच्या मागे लागायचं, बोटीच्या कर्जावरच्या व्याजाच्या वजावटीच्या की बोटीवर बसवलेल्या सोलरच्या क्रेडिटच्या, म्हणजे टॅक्समध्ये मिळणाऱ्या सवलतीच्या? तसं दोन्ही घेता येतं, पण दोन्हींचा व्याप सारखा नाही. आमची बोट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक बेमध्ये असते आणि दोन्ही करून झालंय.

व्याजाची वजावट दरवर्षी मिळते, हा तिचा मोठा गुण. मात्र त्यासाठी आयटमाइझ करावं, म्हणजे एकेक खर्च मोजून दाखवावा लागतो, आणि नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न असेल तर २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शनच (हिशेब न देता मिळणारी ठरावीक वजावट) ३१,५०० डॉलर आहे. घराचं व्याज, मेरीलँडचा टॅक्स, घरपट्टी आणि बोटीचं व्याज मिळून आम्ही तो आकडा जेमतेम ओलांडतो. म्हणजे बोटीच्या व्याजातला वरचा तुकडा तेवढा कामी येतो. ज्यांचं घराचंच कर्ज मोठं आहे, त्यांचं गणित वेगळं निघेल, हे कबूल.

पण मला खरा वैताग आहे तो कागदांचा. घराच्या कर्जाचा १०९८, म्हणजे वर्षभरात भरलेल्या व्याजाचा फॉर्म, आपोआप येतो, बोटीच्या कर्जाचा आमच्याकडे येत नाही. दर जानेवारीत कर्ज देणाऱ्यांना फोन करायचा, आपली कथा पहिल्यापासून सांगायची, मग एक स्टेटमेंट येतं. त्यात मुद्दल, व्याज आणि कसलीशी फी एकाच रकान्यात. बारा महिन्यांचं व्याज वेगळं काढत बसायचं. पुढच्या वर्षी फोनवर नवा माणूस, आणि कथा पुन्हा पहिल्यापासून.

सोलरचा त्रास एकदाच. फॉर्म ५६९५, खर्चाच्या ३० टक्के, आणि तेही थेट टॅक्समधून वजा. ८,००० डॉलरचं काम असेल तर २,४०० डॉलर. व्याजातून तेवढे वाचायला, २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, जवळजवळ ११,००० डॉलर व्याज भरावं लागेल. अर्थात, तेवढा टॅक्स मुळात लागू असायला हवा. क्रेडिट टॅक्सपेक्षा जास्त असेल तर वरचे पैसे हातात येत नाहीत.

अटी आहेत, आणि बॅटरीची अट बोटवाल्यांना हमखास नडते. क्षमता किमान ३ किलोवॉट-तास हवी. १२.८ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम बॅटऱ्या म्हणजे २.५६. बसलं नाही. तिसरी जोडली की ३.८४, म्हणजे बॅटऱ्यांचाही खर्च धरता येतो. जुन्या बोटीबरोबर आलेली पॅनेलं चालत नाहीत, वापर तुमच्यापासून सुरू झालेला हवा. बोट फक्त भाड्याने देत असाल तर हा विषय सोडाच. फॉर्मच्या सूचनांत हाउसबोटचं नाव स्पष्ट आहे. शिडाची बोट असेल तर सीपीएला (टॅक्स बघणाऱ्या अकाउंटंटला) एकदा विचारून घेतलेलं बरं. आमच्या सीपीएने बर्थचा (बोट लावायच्या जागेचा) करार आणि आतले फोटो फाइलला लावून ठेवायला सांगितले.

आता तारखांचं. जुलै २०२५ च्या कायद्याने हे क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला बंद झालं, आणि खर्चाची तारीख म्हणजे काम पुरं झाल्याची, पैसे भरल्याची नव्हे. हिवाळ्यात बोट यार्डात प्लास्टिकखाली गुंडाळलेली, आगाऊ रक्कम नोव्हेंबरात दिलेली आणि पॅनेल चढलं मार्चमध्ये, असं झालं असेल तर क्रेडिट गेलं. अशांना व्याजाशिवाय पर्याय नाही.

बाकीच्यांनी, माझ्या मते, वेळ कमी असेल तर आधी यार्डाचं बिल शोधावं. पॅनेल, वायरिंग आणि मजुरी एका ओळीत, बुडाच्या रंगकामाचे पैसे दुसऱ्या ओळीत, असं फोडून मागावं. आमच्या यार्डाने दोन दिवसांत दिलं. काम २०२३ किंवा २०२४ मध्ये झालं असेल आणि दाखवायचं राहिलं असेल तर १०४०-एक्स, म्हणजे जुनं रिटर्न दुरुस्त करायचा फॉर्म, भरता येतो. साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे २०२३ वाल्यांनी फार रेंगाळू नये.