टायमरचा ऑटो ड्रेन व्हॉल्व्ह: घरच्या 50 लिटरच्या कॉम्प्रेसरला लावावा का?

कॉम्प्रेसरच्या टाकीत साचणारं पाणी ठरावीक वेळाने आपोआप बाहेर सोडणारा हा विजेवरचा व्हॉल्व्ह. पितळी बॉडी, वर काळी कॉइल (वीज मिळाली की व्हॉल्व्ह उघडणारी), कॉइलवर दोन फिरक्या आणि एक टेस्टचं बटण. ऑनलाइन साधारण हजार ते दोन हजार रुपयांत हा व्हॉल्व्ह मिळतो. एका फिरकीने तो किती वेळ उघडा राहायचा ते ठरतं (0.5 ते 10 सेकंद), दुसरीने किती वेळाने उघडायचा ते (0.5 ते 45 मिनिटं). चालतो 230 व्होल्टवर, दाब बहुतेक 16 बारपर्यंत सोसतो (बार म्हणजे दाब मोजायचं एकक). नावं वेगवेगळी असली तरी आतला माल जवळपास एकच. दिवसभर चालणाऱ्या कारखान्यातल्या कॉम्प्रेसरला तो डोळे झाकून लावावा. घरच्या टाकीला लावायचा की नाही, हे तुम्ही सलग किती तास हवा वापरता त्यावर आहे.

आधी पाण्याचा हिशेब. जुलैत मुंबई-ठाण्याकडे एका घनमीटर हवेत 24-25 ग्रॅम वाफ असते. 50 लिटरची टाकी 8 बारला भरली की साधारण 8 मिली पाणी तळाशी उतरतं. स्प्रे गन तासभर चालवून मिनिटाला 140 लिटर हवा ओढली, तर 150 मिलीच्या वर. नागपुरात मे महिन्यातल्या कोरड्या हवेत याच कामात जेमतेम थोडं पाणी निघेल. शिवाय टाकी गरम असताना सगळं पाणी खाली आलेलं नसतं. काम संपताच टाकीखालचा पाणी सोडायचा कॉक उघडून लगेच बंद केलात, तर सकाळी तळाशी पुन्हा पाणी दिसतंच.

म्हणजे रविवारी टायरात हवा भरणं आणि धूळ उडवणं एवढंच काम असेल, तर हा व्हॉल्व्ह घेऊ नका. खरी अडचण असते ती टाकीच्या पोटाखालच्या मूळ ड्रेन कॉकची. वाकल्याशिवाय हात पोचत नाही, गंजाचं पाणी मनगटावर उडतं, आटे अडकतात, मग लोक तो उघडायचाच सोडून देतात. त्यावर स्वस्त उपाय आहे: कॉक काढून तिथे आखूड निपल (दोन्हीकडे आटे असलेला तुकडा), एल्बो (काटकोनी जोड), हातभर रबरी एअर होज आणि टोकाला पाव इंची बॉल व्हॉल्व्ह. चार-पाचशे रुपयांत काम होतं. इथे पीव्हीसी पाइप अजिबात नको, हवेच्या दाबाने फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. दाब 1-2 बारवर आणून व्हॉल्व्ह हळू उघडा, टाकी पूर्ण रिकामी झाली की रात्रभर उघडाच ठेवा.

सँडब्लास्टिंग, फवारणी, न्यूमॅटिक सँडर अशी तासन्‌तास चालणारी कामं असतील तर मात्र टायमरवाला व्हॉल्व्ह पैसे वसूल करतो. फक्त त्याचं सेटिंग नीट करा. 4 मिमीच्या छिद्रातून 7-8 बारला सेकंदाला 20 लिटरच्या आसपास मोकळी हवा निघून जाते. दाब 8 वरून 6 बारवर आला की मोटर पुन्हा सुरू होते असं धरा, तर 50 लिटरच्या टाकीत या दोन्हींमधली हवा असते 100 लिटर. म्हणजे 1 सेकंदाच्या पाच झटक्यांत मोटर सुरू. पावसाळ्यात 1 सेकंद आणि 20 मिनिटं पुरे, उन्हाळ्यात 0.5 सेकंद आणि 45 मिनिटं. मुख्य स्विच चालू राहिला तर रात्री काम नसतानाही टाकी उतरत जाते आणि दोन-तीन वाजता मोटर धडधडायला लागते, मग शेजारी बोलले तर बोलू द्यावं लागतं. उलट स्विच बंद केला की व्हॉल्व्ह बंदच राहतो आणि पाणी आतच. त्यामुळे दिवसाअखेर हाताने टाकी रिकामी करणं काही सुटत नाही.

सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या व्हॉल्व्ह उघडा अडकल्याच्या. सुर्रर्र आवाज थांबत नाही, मोटर बंद होत नाही, आणि दोष कॉइलला दिला जातो. बहुतेक वेळा कारण असतं टाकीतल्या गंजाची खपली, जी आतल्या सीटवर येऊन बसते. म्हणून व्हॉल्व्हच्या आधी जाळीचा स्ट्रेनर आणि बंद करायला बॉल व्हॉल्व्ह हवाच. काही संचांत दोन्ही एकत्र येतात, तोच संच घ्या, शंभर-दोनशे वाचवायला जाऊ नका. नव्याने बसवल्यावर पहिले काही आठवडे जाळी दर आठवड्याला धुवा. जाळीत पातळ पापुद्रेच पापुद्रे येऊ लागले तर व्हॉल्व्ह सोडा, टाकीची हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) करून घ्या. भोक पडलेल्या टाकीला वेल्डिंगचं ठिगळ लावू नये, टाकीच बदलावी.

घेण्याआधी आटे मोजा, कारण बीएसपी आणि एनपीटी ही आट्यांची दोन वेगळी मापं आहेत. पाव इंची बीएसपीचा बाहेरचा व्यास 13.16 मिमी आणि इंचाला 19 आटे. पाव इंची एनपीटी 13.7 मिमी आणि 18 आटे. दोन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे बसतात आणि मग अडकतात, टेफलॉन टेप कितीही गुंडाळा, गळती राहतेच. बॉडीवरचा बाण हवेच्या दिशेने आणि कॉइल वरच्या बाजूला ठेवा. टाकीची उंची कमी पडली तर तिच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे द्या. वायर प्रेशर स्विचच्या (दाबानुसार मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) आधी जोडा, मोटरच्या वायरला जोडलीत तर मोटर थांबली की टायमरही थांबतो. कॉइलच्या प्लगमधली रबरी गॅस्केट विसरू नका, खाली पाणी आणि वर 230 व्होल्ट आहेत.

एक गैरसमज मात्र दूर व्हावा: हा व्हॉल्व्ह हवा कोरडी करत नाही. टाकीतून निघणारी हवा वाफेने भरलेलीच असते आणि पुढे होजमध्ये गार झाली की पुन्हा पाणी सोडते. गाडीच्या रंगकामाला वॉटर सेपरेटर (हवेतले थेंब वेगळे करणारा फिल्टर) कॉम्प्रेसरला चिकटवून न लावता काही मीटर पाइपनंतर लावा, आणि तेवढ्यानेही थेंब आले तर हवा कोरडी करणारा ड्रायर घ्या.

बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी नळी प्लास्टिकच्या डब्यात सोडून बांधून टाका, नाहीतर ती सापासारखी फटके मारते. डब्याच्या झाकणाला मोठी भोकं हवीत, बंद डबा पहिल्याच झटक्यात फुटू शकतो. आत जुनं कापड ठेवलं की आवाज आणि तुषार दोन्ही कमी होतात. तेलाच्या कॉम्प्रेसरचं पाणी दुधाळ निघतं, ते गटारात किंवा झाडाला न टाकता वापरलेल्या इंजिन ऑइलसोबत गॅरेजवाल्याकडे द्या.