लाळ तपासून कॅन्सर सांगणाऱ्यांना मी ४६,८४८ रुपये दिले

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पांढरा कोट घातलेली एक बाई आली होती. आमच्या भिशीतल्याच एकीने तिला आणलं होतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही. आधी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर मोफत मार्गदर्शन, मग 'आज नाव नोंदवलंत तर सवलत', मग क्यूआर कोड. तपासणीचे माणशी ७,४९९. मी माझे आणि लेकीचे मिळून १४,९९८ भरले.

मी अडाणी नाही. पतसंस्थेत बावीस वर्षं हिशेब लिहितेय, कर्जदाराचा कागद तीनदा पाहिल्याशिवाय सही करत नाही. पण माझी आई गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने गेली. १९९६ साली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या आमच्या गावी. मी एकोणीस वर्षांची होते, शेवटचे दोन महिने तिचं सगळं मीच केलं. त्या बाईने पहिलाच प्रश्न विचारला, "घरात कुणाला होता का हो?" आणि मी सगळं सांगून बसले. मग तिला फार बोलावंच लागलं नाही. घरातली दुखणी परक्या माणसाला सांगू नका.

लाळ घेतली तेव्हा आम्ही नुकताच तिळगूळ खाल्ला होता. माझ्या नळीत तिळाचा एक दाणा तरंगत होता. मी तो तिला दाखवला. ती "चालतं हो" म्हणाली आणि झाकण लावलं. जनुकांच्या तपासणीसाठी लाळ द्यायची तर आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं, हे मला नंतर कळलं. पण तीळ तर मला दिसला होता ना!

सतरा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आले. माझा धोका ७३.४ टक्के, 'पी-५३ जनुकात दोष, मातेकडून आलेला'. माझ्या मोठ्या जाऊबाईंनीही तपासणी केली होती. त्यांचाही ७३.४ टक्के, वाक्यं तीच, मातेकडून आलेला दोषही तोच. त्यांचं माहेर कोकणातलं, माझं मराठवाड्यातलं, आमचं रक्ताचं नातं नाही, आणि त्यांची आई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ठणठणीत आहे. दोन्ही मोबाईल शेजारी शेजारी धरून आम्ही ते आकडे पाहिले. दोन खात्यांवर एकच शिल्लक दिसली असती तर मी ऑफिसात रान उठवलं असतं. इथे मला फक्त आईची खाट दिसत होती. लेकीच्या रिपोर्टवर 'अति उच्च धोका' होतं, आणि त्याच संध्याकाळी मी सहा महिन्यांच्या 'संरक्षण कोर्स'चे ३१,५०० आणि कुरियरचे ३५० पाठवले. आल्या त्या हिरव्या गोळ्या. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीवरची लस लेकीला द्यायचं आमचं ठरलं होतं. ती बाई म्हणाली, आधी कोर्स पूर्ण करा, मग लस. मी तेही ऐकलं, याचा राग अजून जात नाही.

शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रिपोर्ट उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, आई किंवा बहिणीला असेल तर धोका थोडा वाढतो, आपल्या प्रतिकारशक्तीच्या एचएलए जनुकांचा त्यात काही वाटा दिसतो, हे खरं आहे. पी-५३ जनुकाचा या कॅन्सरशी संबंध आहे असा १९९८ साली गाजावाजा झाला होता, पुढच्या अनेक अभ्यासांत ते टिकलं नाही. या आजाराच्या मुळाशी जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणू असतो, दहातल्या सात कॅन्सरमध्ये त्याचे १६ आणि १८ हे प्रकार. बहुतेक बायकांचा संसर्ग वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांचा राहतो त्यांना शोधायचं तर गर्भाशयाच्या मुखाचा नमुना घ्यावा लागतो. लाळेवरून टक्केवारी सांगून कुणी उपचार ठरवत नाही.

त्यांनीच मला सांगितलं की आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला. एचपीव्हीची तपासणी एकदाच केली तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. हा अभ्यास सुरू झाला आई गेल्यानंतर तीनच वर्षांनी. मला तिथे त्यांच्यासमोर रडू आलं.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. हवालदार म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत ना मॅडम, कुणी हिसकावले का?" मग सायबरवाल्यांकडे पाठवलं. तिथले म्हणाले, बाई समोर येऊन बसली होती, हा सायबर गुन्हा कसा? पुन्हा ठाण्यात. गोळ्यांची बाटली घेऊन औषधांच्या सरकारी कचेरीत गेले, तर डब्यावर 'पूरक आहार' छापलंय, हे आमच्याकडे येत नाही. आरोग्य विभागात तर आजाराचं नाव घेतल्यावर समोरचा तरुण मानच वर करेना. बायकांच्या त्या भागाचा आजार म्हटलं की तक्रार लिहून घ्यायलाही लाजतात आणि त्या लाजेवरच हे चोर पोट भरतात. चार अर्धे दिवस रजा, हातात एक पोचपावती. पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. मी सव्वीस दिवसांनी केला, तोवर खातं रिकामं होतं. नळीचं पाकीट, पावती, चॅट, काहीही पुसू नका. आणि रिपोर्टवर सही कोणत्या डॉक्टरची, त्याचा नोंदणी क्रमांक काय, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. माझ्या रिपोर्टवर सहीच्या जागी नुसता शिक्का आहे.

माझे पैसे गेले ते गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं मात्र मला रात्री आठवतं. त्यांना 'अल्प धोका, आजीवन निश्चिंत' असा रिपोर्ट दिला होता. तीन महिने अंगावरून मधेच रक्त जात होतं, तरी त्या रिपोर्टच्या भरवशावर डॉक्टरकडे गेल्या नाहीत. त्या बाईचा असा 'चांगला' रिपोर्ट कुणाकडे असेल तर तो पुरावा म्हणून ठेवा, पण त्यावर विसंबू नका आणि आजच खरी तपासणी करून घ्या.

लेकीचा लसीचा पहिला डोस गेल्या शनिवारी झाला. पंधरा वर्षांच्या पुढे तीन घ्यावे लागतात, पुण्यात तयार होणाऱ्या लसीचे तिन्ही मिळून साधारण सहा हजार होतील. वहिनींचा नमुना सोमवारी घेतलाय, रिपोर्ट यायचाय. मी त्यांच्याबरोबर गेले होते.