बॅटरीची लाईट मधूनच पेटते: वर्कशॉप, वायरमन की आपला मल्टिमीटर?

डॅशवरची लाल बॅटरी पेटून पेटलेलीच राहिली, तर काय करायचं ते कळतं. पण ती मधूनच पेटते, आणि वायरमनच्या दारात गाडी उभी केली की अशी विझते, जणू कधी पेटलीच नव्हती. खरा खर्च तिथे होतो. माझ्या पिकअपला हा रोग पावसाळ्यात लागला. ओतूरहून भाजी भरून माळशेज उतरेपर्यंत सगळं ठीक. कल्याण-शीळ रस्त्याचे खड्डे लागले की लाईट लुकलुकायची, आणि तुर्भ्याला मार्केटच्या गेटवर पोचेपर्यंत गप्प.

आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दिली. संध्याकाळी फोन आला, "अल्टरनेटर बदलावा लागेल." म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्रच. लाईट पेटलेली कुणी पाहिली का, विचारलं. नाही. व्होल्टेज किती आलं? म्हणे 14.2. आता 14.2 म्हणजे अल्टरनेटर व्यवस्थित काम करतोय. मग बदलायचा कशाला? तर 'सेफ साइड' म्हणून. गाडी परत आणली.

तरी वर्कशॉपला मी मोडीत काढणार नाही. वॉरंटी चालू असेल तर दुसरीकडे हातच लावू देऊ नका, नाहीतर क्लेमच्या वेळी तीच कापलेली वायर दाखवतील. शिवाय 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांपैकी काहींत चार्जिंग किती करायचं हे ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतं. तिथे बॅटरीवर कधी 12.8 दिसेल, कधी 14.5, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. अशा गाडीला स्कॅनर लागतोच. फक्त गाडी देताना लाईट कधी पेटते ते जॉबकार्डावर लिहून घ्या आणि टेस्ट राइडला स्वतः शेजारी बसा. 'चेक चार्जिंग' एवढंच लिहिलंत, तर उभ्या गाडीचं चार्जिंग मोजतील आणि आकडा बरोबरच येईल.

वायरमनची गोष्ट वेगळी. एपीएमसीच्या आसपास, कळंबोलीच्या स्टील मार्केटला, घोडबंदर रोडला, कुठेही बघा, चांगला हात असलेला वायरमन तासा-दीड तासात अल्टरनेटर उतरवून, खोलून, कार्बन (आत घासत करंट पोचवणारे तुकडे) आणि बेअरिंग बदलून परत चढवतो. गाडीचा दिवस बुडत नाही, आणि भाजीवाल्याला याचं मोल काय असतं ते वेगळं सांगायला नको. त्याची अडचण एकच. दिवसाला दहा अल्टरनेटर खोलणाऱ्याला सगळीकडे अल्टरनेटरच दिसतो. माझेही कार्बन त्याने बदलले. जुने काढून दाखवले तर अर्ध्याहून जास्त शिल्लक होते! लाईट दुसऱ्या फेरीला परत लुकलुकली.

एक गोष्ट मात्र त्याला करू देऊ नका. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "बघा, गाडी बंद पडत नाही, म्हणजे डायनामो ओके" असं अजूनही काहीजण करतात. जुन्या डायनामोच्या काळात खपून जायचं. आताच्या अल्टरनेटरला बॅटरीचा आधार अचानक सुटला की व्होल्टेजचा झटका बसतो, प्लेटमधले डायोड (अल्टरनेटरचा करंट डीसी करणारे) जाऊ शकतात आणि ईसीएमही.

शेवटी साडेचारशेचा मल्टिमीटर घेतला. माझं मत विचाराल तर सुरुवात इथूनच करावी, मग गाडी कुणाकडेही न्या. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवायचा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 च्या आसपास हवी. इंजिन चालू, हलकी रेस, बॅटरीवर 13.8 ते 14.5. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावरही 13.5 च्या खाली फारसं जाऊ नये. 15 च्या वर गेलं तर कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेला, बॅटरी उकळायच्या आत तो बदला.

पण हे आकडे लाईट विझलेली असताना घेतले तर अर्धंच कळतं. लाईट कधी पेटते, यावर सगळा खेळ आहे. पावसात, वायपर-हेडलाइट एकदम लावले की पेटते आणि बॉनेटखालून चीं-चीं आवाज येतो, तर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा ढिला किंवा तेलकट. स्लोवर (रेस न देता इंजिन चालू असताना) पेटते आणि रेस दिली की विझते, तरी आधी पट्टाच बघा, मग कार्बन. तासभर चालून गरम झाल्यावर पेटत असेल तर कटआउटवर संशय घ्यावा. पूर्ण न पेटता मंद, निखाऱ्यासारखी धगधगते, तर डायोड प्लेट किंवा वायरीत कुठेतरी अडथळा. खड्ड्यात पेटणारी लाईट मात्र बहुतेक वेळा कुठल्यातरी ढिल्या जोडाची असते. आणि चावी फिरवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी ही लाईट पेटलीच पाहिजे. तेव्हाही पेटत नसेल तर आधी बल्ब आणि तिची बारीक वायर तपासा, त्याआधी बाकी काही खोलू नका.

माझी खड्ड्यातली होती. म्हणून मीटरच्या लाल वायरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर आणि काळ्या वायरचं थेट बॅटरीच्या प्लसवर लावलं. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू. एकाच वायरीची ही दोन टोकं, फरक 0.2-0.3 च्या वर जायला नको. मीटरने 1.4 दाखवलं! मित्राने लाकडी दांडक्याने ती जाड वायर जरा हलवली, आणि डॅशवर लाईट लुकलुकली. गाडी बंद केली, आधी बॅटरीची मायनस काढली (त्या बोल्टला चावी बंद असतानाही करंट असतो, पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात), मग वरची रबरी टोपी ओढली. टोपी कडक होऊन तडकली होती. आत नट बोटाने फिरत होता, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) निळी-जांभळी झालेली आणि वायरीचं प्लास्टिक दोन इंच बिस्किटासारखं कडक. नवीन थिंबल दाबून घेतली, नट आवळला. सगळं मिळून दोनशेच्या आत आटोपलं. अर्थिंगचीही अशीच तपासणी होते: एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर, फरक 0.2 च्या आत.

अल्टरनेटर खरंच गेला असेल तर पुढे नवीन, रिपेअर की एक्स्चेंज, हा प्रश्न येतो. नुसते कार्बन, बेअरिंग किंवा कटआउट गेला असेल आणि गाडी फार जुनी नसेल, तर आपलाच रिपेअर करा. आतला तांब्याचा माल कंपनीचा असतो. प्लेट आणि वाइंडिंग दोन्ही जळालं असेल तर रिपेअरचा खर्च नव्याच्या जवळ जातो, तिथे नवीन घ्यावा. एक्स्चेंजचा रंग मारलेला चकाचक अल्टरनेटर मला कधी पटला नाही. आत कुणाचं काय आहे ते दिसत नाही. अगदी रस्त्यात अडकलात आणि माल सडतोय, तरच.

डिझेल पिकअपवाल्यांनी एक गोष्ट वेगळी बघावी. अनेक गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला असतो. त्याचं सील गळायला लागलं की ऑइल कार्बनवर जातं आणि नवे कार्बनही लवकर संपतात. म्हणजे सहा महिन्यांत दुसऱ्यांदा कार्बन गेले तर सील बदला. आणि चालत्या गाडीत लाईट पेटून राहिली आणि सोबत ब्रेक जड लागायला लागला किंवा टेंपरेचरचा काटा चढला, तर पट्टा तुटला असं समजून तिथेच बाजूला घ्या. मुंब्रा बायपासच्या उतारावर 'पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जाऊ' म्हणायची ती जागा नाही.

नुसती लाईट पेटली आणि बाकी सगळं ठीक असेल, तर वेळ असतो, पण मोजका. रात्री हेडलाइट, वायपर, ब्लोअर मिळून 20 अँपिअरच्या आसपास खातात. जुन्या बॅटरीवर दोन तास धरा, तेही ब्लोअर-म्युझिक बंद करून. कॉमन रेल (ईसीएमवर चालणारं डिझेल) इंजिन बॅटरी बसली की रस्त्यातच बंद पडतं.

मी आता लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर ठेवला आहे. ड्रायव्हरला सांगितलंय, लाईट लुकलुकली तर त्यावरचा आकडा आणि जागा दोन्ही मला फोनवर सांग. काल त्याने शिळफाट्यावरून विनाकारणच फोन केला. 14.1 होतं.