उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी मडगार्ड वाचवलं

माझ्या ३५० सीसी बुलेटचं मागचं मडगार्ड आखूड, बॉबर पद्धतीचं (मडगार्ड छाटून गाडी सुटसुटीत करायची स्टाइल) करून घेतलंय. आधीच्या गॅरेजने पत्रा नुसता पुढच्या दोन बोल्टवर टांगला होता. चार महिन्यांत बोल्टच्या भोकापासून चीर गेली. वेल्डिंग मारलं, तर त्याच्या शेजारीच पुन्हा फाटलं. फार जीव जळला.

मग कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. मिस्त्रींनी चीर जिथे संपते तिथे आधी ३ मिमीचं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग वेल्डिंग. आतून ३ मिमी जाड पट्टी, कोपरे गोल घासलेली. "चौकोनी कोपरा ठेवला की तिथनंच फाटतंय बघा," म्हणाले. टेललाइट आणि नंबरप्लेटचं वजन मोकळ्या टोकाला, थरथरही तिथेच जास्त. म्हणून दोन्ही बाजूंनी सळईचे स्टे, म्हणजे आधार दिले. बोल्टला रबरी बुश, रुंद वायसर, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग, थरथरीने सहज ढिला होत नाही).

दोन दिवस, १,८०० रुपये. रंग मात्र दुसरीकडून करून घ्यावा लागला. त्यानंतर आंबा घाटातून रत्नागिरीला दोनदा जाऊन आलो. परतल्यावर टॉर्च लावून आतून पाहिलं, केसाएवढीही चीर नाही.